घरातली गाणी घरभर: जुन्या संगणकावरून प्रत्येक खोलीत संगीत पोचवताना

ब्लूटूथ स्पीकरवर मारवा ऐन रंगात आलेला असतो आणि फोन वाजतो. गाणं थांबतं, खोलीभर रिंगटोन घुमते. फोन घेऊन बाल्कनीत गेलात की स्पीकर मागे तुटक तुटक वाजायला लागतो. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून वाहत असतं, म्हणून हे असं होतं. या लेखातली जुळवणी वेगळी आहे. इथे गाणी घरातल्या एका संगणकावर राहतात, घरच्या नेटवर्कवरून थेट स्पीकरजवळच्या यंत्रापर्यंत जातात, आणि फोनकडे फक्त काय लावायचं ते सांगण्याचं काम उरतं. सांगून झालं की फोन खिशात घालून भाजी आणायला गेलात तरी घरात गाणं चालूच राहतं.

तीन शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं सोपं जाईल. गाणी साठवून पुरवणारा तो सर्व्हर. ती घेऊन वाजवणारा तो प्लेअर. हुकूम सोडणारा तो कंट्रोलर, म्हणजे तुमचा फोन. काहीही बिघडलं की आधी विचारायचं, या तिघांपैकी कोण रुसलंय?

मी वापरतो तो सर्व्हर म्हणजे लिरियन म्युझिक सर्व्हर. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स, रास्पबेरी पाय (हातावर मावणारा छोटा संगणक), सगळीकडे चालतो. यावर माझा विश्वास का, तेही सांगतो. मुळात हा स्क्वीझबॉक्स नावाच्या प्लेअरसाठी लिहिलेला सर्व्हर. ते प्लेअर बनवणारी छोटी कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली आणि २०१२ मध्ये प्लेअर बनवणंच थांबलं. पण सर्व्हरचा कोड सुरुवातीपासून खुला होता, त्यामुळे वापरणाऱ्यांनीच तो चालू ठेवला आणि २०२४ मध्ये त्याला लिरियन हे नवं नाव मिळालं. ज्या संग्रहासाठी आपण महिनोन्महिने खपणार, तो अशाच कशावर तरी ठेवावा.

आधी नेटवर्क, मग गाणी

नवशिक्यांचा नव्वद टक्के मनस्ताप इथे असतो, आणि कोणी हे आधी सांगत नाही. सगळे सुरुवात करतात ती कुठला डॅक (आकड्यांच्या रूपातल्या संगीताचा स्पीकरजोगा आवाज करणारी डबी) घ्यावा, कुठले स्पीकर चांगले, यापासून. ते नंतर पाहता येईल.

आपल्याकडे बऱ्याच घरांत नेट देणाऱ्याने भिंतीवर बसवलेला एक डबा असतो आणि त्याची रेंज आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण विकत आणलेला दुसरा राउटर त्याला जोडलेला असतो. बाहेरून पाहता घरात एकच इंटरनेट. प्रत्यक्षात मात्र घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झालेली असतात. ताईच्या घरी आमचा अख्खा रविवार यात गेला. हॉलमधला रिसीव्हर, म्हणजे नेटवर्कला जोडता येणारा मोठा अ‍ॅम्प्लिफायर, फोनवर दिसेचना. नेटवाल्याच्या माणसाने येऊन पाहिलं, यूट्यूब लावून दाखवलं आणि ‘नेट तर चालू आहे’ म्हणून तो निघून गेला. त्याचं खरंच होतं, नेट चालू होतं. पण फोनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने त्याला दिलेला क्रमांक, १९२.१६८.०.१४ होता आणि रिसीव्हरचा १९२.१६८.१.७. तिसरा आकडा वेगळा. म्हणजे फोन दुसऱ्या राउटरच्या घरात आणि रिसीव्हर भिंतीवरच्या डब्याच्या घरात.

सर्व्हर आणि प्लेअर एकमेकांना शोधतात ते नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून हाक मारून. ही हाक राउटरची भिंत ओलांडत नाही. म्हणून पहिली पायरी अशी: फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन पत्ता पाहा, संगणकाचा पाहा, रिसीव्हरच्या नेटवर्क मेनूतला पाहा. तिघांचेही पहिले तीन आकडे सारखे हवेत. नसतील तर तुमच्या दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ शोधा आणि तो चालू करा. मग तो राउटर पत्ते वाटायचं काम सोडून देतो, नुसती रेंज वाढवतो, आणि घर पुन्हा एक होतं.

तिघांचे आकडे सारखे असूनही कोणी कोणाला दिसत नसेल, तर दोन गोष्टी तपासा. एक, तुम्ही ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर तर नाही ना. पाहुण्यांच्या नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांपासून मुद्दाम लपवलेली असतात. दोन, राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (तेही यंत्रांना एकमेकांपासून लपवतं) चालू असेल तर ते बंद करा.

संगणकाला आणि प्रत्येक प्लेअरला कायमचा पत्ता द्या. राउटरमध्ये यासाठी ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असं काहीतरी असतं. तो न दिल्यास एकदा लाइट जाऊन आली की सगळ्यांचे पत्ते बदलू शकतात, आणि कालपर्यंत चालणारी गोष्ट आज चालत नाही.

वेगाची काळजी मात्र सोडून द्या. सीडीच्या दर्जाचं संगीत अजिबात न दाबता पाठवलं तरी सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट लागतात. साधं वायफायही याच्या कितीतरी पट वाहून नेतं. आणि हे सगळं घरातल्या घरात चालतं, त्यामुळे नेटचा प्लॅन मोठा घेऊन काही फरक पडत नाही. रस्ता खोदताना केबल तुटून दोन दिवस नेट बंद राहिलं, तरी तुमची गाणी चालू राहतील. फक्त संगणक तेवढा वायरने राउटरला जोडा. सर्व्हर आणि प्लेअर दोघेही वायफायवर असले तर प्रत्येक गाणं हवेतून दोनदा जातं, आणि शेजारपाजारच्या वीस राउटरांच्या गर्दीत ते अडखळतं.

संग्रह: इथे घाई नको

सीडी संगणकावर घेताना एमपीथ्री करू नका, फ्लॅक करा. फ्लॅकमध्ये मूळ आवाजातलं काहीच गळत नाही, फक्त जागा कमी लागते. सीडीचा एक तास म्हणजे सुमारे ६३५ एमबी. फ्लॅक केल्यावर साधारण ३०० ते ४०० एमबी. म्हणजे हजार सीडींचा संग्रह ५०० जीबीच्या डिस्कवर सहसा मावतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे जुनं आणि काटेकोर सॉफ्टवेअर आहे. चरे पडलेली सीडी असली तर ते पुन्हा पुन्हा वाचून पाहतं. एकदाच करायचं काम आहे, म्हणून नीट करावं.

खरा वेळ जातो तो टॅगमध्ये. टॅग म्हणजे फाइलच्या पोटात लिहिलेली माहिती: गायक, अल्बम, गाण्याचं नाव, क्रमांक. सर्व्हर ही माहिती वाचूनच संग्रह लावतो. फाइलचं नाव काय ठेवलंय याला तो फारसं विचारत नाही. माझ्या संग्रहात सुरुवातीला ‘भीमसेन जोशी’ वेगळे, ‘पं. भीमसेन जोशी’ वेगळे, ‘पंडित भीमसेन जोशी’ वेगळे आणि रोमन लिपीतले चौथेच, असे चार गायक दिसत होते. संगणकाच्या लेखी ती चार माणसं होती.

म्हणून पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. उपाध्या लावायच्या की नाही, आणि लिपी कोणती. माझं मत स्पष्ट आहे: उपाधी नको, लिपी देवनागरी. काही रिसीव्हरच्या छोट्या पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात, हे खरं. पण गाणं आपण फोनवर शोधतो, आणि फोनवर ‘घेई छंद’ टाइप करून ते सापडण्यात जे सुख आहे ते रोमन स्पेलिंग आठवत बसण्यात नाही. टॅग भरायला एमपीथ्रीटॅग हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. नावात एमपीथ्री असलं तरी फ्लॅकही हाताळतं, आणि पन्नास फाइलींचा गायक एका झटक्यात बदलता येतो.

नाट्यगीतांच्या किंवा भावगीतांच्या संकलनात चौदा गाणी नि चौदा गायक असतात. तिथे ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळ्या गाण्यांना एकच नाव द्या, उदाहरणार्थ ‘विविध कलाकार’. मग अल्बम एकसंध राहतो आणि गायकाच्या नावाने शोधलं तरी गाणं सापडतं.

शास्त्रीय संगीताची अडचण अशी की टॅगची रचना करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर राग नव्हता. मी राग ‘जॉनर’च्या रकान्यात लिहितो. यमन, भूप, मारवा, तोडी. त्यामुळे जॉनरची यादी उघडली की ती रागांचीच यादी होते, आणि यमनवर बोट ठेवलं की घरातले सगळे यमन, सगळ्या घराण्यांचे, एकाखाली एक येतात. संध्याकाळी एका गायकाचा यमन संपवून लगेच दुसऱ्याचा लावून पाहा. ही एक सोय पदरात पडली म्हणून मी सगळी मेहनत वसूल धरतो.

कॅसेट असतील तर त्याही घ्या, पण सीडी संपल्यावर. कॅसेट प्लेअरचा लाइन आउट एका साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसला, तो संगणकाला, आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बाजू सलग रेकॉर्ड करायची. पातळीचा काटा कळसालाही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच आवाज ठेवा. खरखर घालवणारे फिल्टर मात्र जपून वापरा. खरखरीबरोबर तानपुऱ्याची आसही जाते.

आणि हो, दुसरी डिस्क घ्या आणि संग्रहाची प्रत तिच्यावर ठेवून ती कपाटात ठेवून द्या. डिस्क न सांगता जातात.

सर्व्हर बसवणं

जुना लॅपटॉप यासाठी उत्तम. बॅटरी थोडीफार टिकत असेल तर लाइट गेल्यावर तो बंद पडत नाही, म्हणजे यूपीएस आयताच मिळाला. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, ते तळ पाहून तपासा. फुगली असेल तर काढून टाका किंवा बदला. असा लॅपटॉप दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवणं धोक्याचं आहे. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ कधीच नको असं निवडा आणि झाकण मिटल्यावर काहीही करू नये असं सांगा. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करा.

लिरियन उतरवून बसवला की त्याच संगणकावर ब्राउझर उघडा आणि पत्त्याच्या जागी संगणकाचा आयपी पत्ता, मग कोलन, मग ९००० लिहा. (अंक अर्थातच इंग्रजी.) सर्व्हरचं पान उघडेल. तो गाण्यांचा फोल्डर विचारेल. दाखवा आणि स्कॅन होऊ द्या. मोठ्या संग्रहाला पहिल्यांदा वेळ लागतो, तोवर चहा घ्या.

विंडोजवर फायरवॉल परवानगी मागेल तेव्हा ‘प्रायव्हेट नेटवर्क’साठी ती द्या. आणि तुमचं घरचं नेटवर्क विंडोजने ‘पब्लिक’ म्हणून नोंदवलं नाही ना, तेही पाहा. तसं असेल तर संगणकावर सगळं छान दिसतं, पण फोनवर ते पान उघडतच नाही.

यूएसबी डिस्कवर गाणी असतील तर आणखी एक. आज तिचं अक्षर ‘ई’ असतं, मध्ये कोणी पेनड्राइव्ह लावला की पुढच्या वेळी ‘एफ’ होतं, आणि सर्व्हरला अख्खा संग्रह गायब झालेला दिसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला शेवटचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका.

मग सेटिंगमधल्या प्लगिनच्या, म्हणजे सर्व्हरला वरून जोडायच्या छोट्या भागांच्या, यादीतून ‘मटेरियल स्किन’ निवडा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. फोनवर वापरायला हे रूप फार सुटसुटीत आहे. फोनच्या ब्राउझरमधून त्याचा शॉर्टकट होम स्क्रीनवर ठेवा. घरातल्या मोठ्यांना वेगळं अ‍ॅप शिकवावं लागत नाही.

पहिली खोली

एकाच खोलीपासून सुरुवात करा. ती आठवडाभर बिनतक्रार चालली की मगच दुसरी.

घरात नेटवर्कला जोडता येणारा रिसीव्हर असेल, म्हणजे यामाहा, डेनॉन, ओंकियो वगैरे, तर तो बहुधा डीएलएनए जाणतो, म्हणजे घरातल्या यंत्रांनी एकमेकांना गाणी-चित्रं देण्याची एक ठरलेली भाषा. ती ठरवणारी, २००३ मध्ये सुरू झालेली याच नावाची संस्था २०१७ मध्ये विसर्जित झाली, पण तिची भाषा आजही असंख्य टीव्ही आणि रिसीव्हर बोलतात. लिरियनमध्ये ‘यूपीएनपी ब्रिज’ हे प्लगिन चालू करा. थोड्या वेळात रिसीव्हर प्लेअरच्या यादीत येईल. आवाज येत नसेल तर अडचण बहुतेक वेळा रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये असते: नेटवर्क स्टँडबाय चालू करा, नाहीतर तो झोपला की त्याला जागंच करता येत नाही. एअरप्ले (अ‍ॅपलची अशीच एक भाषा) जाणणारा स्पीकर असेल तर त्याचंही वेगळं ब्रिज प्लगिन आहे.

पण नेटवर्क नसलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि जुने स्पीकर असतील तर मला जास्त आनंद आहे, कारण त्यांना नवं आयुष्य द्यायला एक रास्पबेरी पाय पुरतो. पायवर ‘पायकोअर प्लेअर’ हे सॉफ्टवेअर टाकायचं. हे सुरू होताना पूर्णपणे मेमरीत उतरतं आणि मेमरी कार्डाला नंतर फारसं लिहीत नाही. त्यामुळे मधेच लाइट गेली तरी कार्ड खराब व्हायची भीती फार कमी. आपल्याकडे, जिथे पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते, तिथे एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

कृती अशी. पायकोअर प्लेअरची इमेज (कार्डावर जशीच्या तशी लिहायची फाइल) उतरवा, बलेना एचर या सॉफ्टवेअरने ती मेमरी कार्डावर लिहा, कार्ड पायमध्ये घाला. पहिल्या वेळी वायफायच्या भानगडीत पडू नका. पाय लॅन केबलने राउटरला जोडा. म्हणून पहिला पाय घेताना लॅनचं भोक असलेला, ३ बी प्लस किंवा ४, घ्यावा. राउटरच्या यादीत त्याचा पत्ता शोधा, तो ब्राउझरमध्ये टाका, प्लेअरचं पान उघडेल. तिथे त्याला नाव द्या. ‘हॉल’, ‘स्वयंपाकघर’, असं खोलीचंच द्या. मग ऑडिओ आउटपुट निवडा, सेव्ह करा, आणि सगळं चालल्यावर वायफाय भरा.

पायच्या स्वतःच्या हेडफोन जॅकवर मात्र थांबू नका. त्याचा आवाज पोकळ असतो, आणि पाय ५ वर तर तो जॅकच नाही. एक साधा यूएसबी डॅक लावा आणि तिथून दोन आरसीए वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला.

पहिलं गाणं लावण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवा. नवा प्लेअर किती आवाजावर सुरू होईल सांगता येत नाही, आणि अ‍ॅम्प अर्ध्यावर असेल तर स्पीकरच्या पडद्याला तो धक्का भारी पडू शकतो.

आता एक चाचणी. ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत हे बहुधा दोन वेगळे ट्रॅक असतात, पण मैफलीत मध्ये खंड नसतो. तबलजी लय बदलतो आणि गाणं पुढे जातं. असा अल्बम लावा आणि पहिल्या ट्रॅकचा शेवट कान देऊन ऐका. पायवर तो सांधा कळतही नाही. काही डीएलएनए रिसीव्हरवर मात्र अर्ध्या सेकंदाची शांतता पडते, आणि समेवर येता येता कोणीतरी वीज घालवल्यासारखं वाटतं. रिसीव्हरला पुढचं गाणं आगाऊ घेण्याची सोय नसली की हे होतं, आणि ब्रिजच्या सेटिंगनेही ते नेहमी सुटत नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी म्हणून रिसीव्हर असला तरी त्याच्या मागे एक पाय लावावा, असं माझं मत. दोन गाणी एकमेकांत विरघळवणारा ‘क्रॉसफेड’ही प्लेअरच्या सेटिंगमधून बंद ठेवा.

दुसरी खोली, एकच गाणं

दोन प्लेअर झाले की मटेरियल स्किनमध्ये त्यांचा गट करता येतो. मग हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात तेच गाणं एकाच वेळी. दोन्हीकडे पाय असतील तर सर्व्हर त्यांची घड्याळं सतत जुळवत राहतो आणि जोडी घट्ट राहते. एक पाय आणि एक डीएलएनए रिसीव्हर अशी जोडी मात्र जमत नाही. त्या पद्धतीत वेळ जुळवण्याची सोयच नाही, त्यामुळे दोन्हींत अंतर पडतंच. एअरप्लेचा ब्रिज यात खूप बरा.

जोडी जुळली का, हे तपासायला टाळांचा अभंग लावा. व्हायोलिन किंवा बासरीत थोडा उशीर लपून जातो, टाळाचा ठोका लपत नाही. दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभे राहा. दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर असतील आणि ठोका एकच, स्वच्छ आला, तर झालं. ‘छन्-छन्’ असा दुहेरी आला तर एक प्लेअर मागे आहे. अंतराचा हिशोबही धरा: आवाज एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे स्वयंपाकघरातला स्पीकर तुमच्यापासून दहा मीटर लांब असेल तर सगळं बरोबर असूनही तो ३० मिलिसेकंद उशिरा पोचणार. म्हणूनच मधे उभं राहायचं.

डॅक किंवा अ‍ॅम्प वेगवेगळे असले की थोडा फरक राहतो. त्यासाठी प्लेअरच्या सिंक सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’चा रकाना आहे. दहा दहा मिलिसेकंदांनी आकडा बदला, तोच अभंग पुन्हा लावा, पुन्हा दारात या. आमच्या घरी आई पोळ्या लाटता लाटता सांगायची, ‘अजून मागे आहे,’ ‘आता पुढे गेला,’ ‘आता बरोबर.’ तिने सांगितलेल्या आकड्यावरच शेवटी थांबलो. जो आकडा बसेल तो एका चिकटपट्टीवर लिहून पायच्या डबीला मागून लावा. हा आकडा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये राहतो; सर्व्हर कधी नव्याने बसवायची वेळ आली, तर तो दुसरीकडे कुठेच लिहिलेला नसतो.